पालकाने घासलेली कढई

चिंचवड, मंगळवार, १० फेब्रुवारी १९७६

चि. सदाशिव यास अक्काचे आशीर्वाद.

रविवार, ८ फेब्रुवारी रोजी दुपारी पावणेतीन वाजता तुझ्या बायकोने माझ्या बागेने कढई घासली. तुझी पाठ कशी आहे? तळेगावची थंडी तिला मानवत नाही, शेकत जा. आता पुढचे नीट वाच.

आमच्या सोसायटीत गच्चीवर माती ठेवायला मनाई आहे. स्लॅब गळतो म्हणे. (स्लॅब माझ्या कुंड्यांच्या आधीपासून गळतो, पण सेक्रेटरी गुरुदत्तरावांना हे कोण सांगणार? मी सांगितले. उपयोग झाला नाही.) तेव्हा मी म्हटले, ट्रेमध्ये मातीशिवाय पालक काढून दाखवते. ते हसले. "पंधरा तारखेला कमिटी गच्चीवर येईल, बाई. पालक दिसला तर तुमचे ट्रे राहतील, नाही तर भंगारवाला आहेच."

माती नाही तर मुळांनी धरायचे कशाला, हाच सारा प्रश्न. आधी खोक्यांच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा आणला. तो आठवड्यात आंबला आणि शेजारच्या पद्माताई वास घेऊन माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघू लागल्या. मग भोसरीच्या एका फाउंड्रीतली टाकाऊ वाळू. पाणी पडताच ती अशी घट्ट बसली की बी आत आणि मी बाहेर. विटांचे तुकडे बरे, पण दुपारपर्यंत कोरडे ठणठणीत. शेवटी नारळाचा काथ्या घेतला, तांबडे पाणी सुटायचे थांबेपर्यंत भिजवला, आणि त्यात विटांची बारीक खडी मिसळली. ओल धरतो, हवा खेळते, वास नाही. वरून खताचे पाणी घातले की झाले. पालक बोटभर वर आला होता, सदाशिव! ट्रे मोरीत निथळायला ठेवून मी तुझाच चहा टाकायला वळले, आणि परत येते तो शुभदा मूठभर काथ्या घेऊन कढईला भिडलेली. वर मलाच म्हणते, "वन्सं, घासणीत गवत उगवलंय हो! अधूनमधून बदलत जा की."

तू बाहेर हसलास. मी ऐकले.

(आत्ता उठून पुन्हा ट्रे पाहून आले. तीन रोपे आहेत. सकाळी चार होती.)

मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणत, चूक आधी कागदावर लिहा, तोंडची क्षमा वाऱ्यावर जाते. तेव्हा शुभदाचा लेखी खुलासा हवा, सुवाच्य अक्षरात, आणि खाली तुझी सही, हसल्याबद्दल.

तुझी,
अक्का

ता. क. कढई मात्र लखलखते आहे. नवी घेतली का, म्हणून पद्माताई विचारत होत्या. मी हो म्हटले.

आणखी ता. क. नवे बी पेरले आहे, पण पंधरा तारखेच्या आत ते दाखवण्याजोगे व्हायचे नाही. तेव्हा शनिवारी दोघेही मुक्कामाला या. येताना तिथल्या बाजारातून मुळांसकट कोवळ्या पालकाच्या चार जुड्या आणा. मुळांना मातीचा कण राहता कामा नये, गुरुदत्तराव चष्मा पुसून बघतात. धुवायचे काम शुभदालाच दे. घासण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. काथ्यात रोवायचे माझे मी बघते. येता की नाही ते शुक्रवारी दुपारच्या टपालाने मला मिळेल असे लेखी कळव, आणि पाकिटातूनच. कार्ड आले की ते आधी गुरुदत्तराव वाचतात.