पेरूच्या वासाचा वेग

७ डिसें., रवि. डाळज.
जेवताना आबांनी विचारलंच. "तुजा आकडा जुळला का न्हाय?"
नाही जुळला. परत समजावलं: ओएच म्हणजे हवेतला सफाईवाला. लेसर मारला की तयार होतो, धूर-वास खातो, क्षणात संपतो. एका ठरावीक वायूत तो किती भरभर संपतो तेच मोजते.
"मंग मोज की!"
उद्या बारामतीला जाताना पेरूची करंडी आहेच. रिकाम्या हातानं लॅबला जायचं नाही, हा आबांचा नियम.

८ डिसें., सोम.
आज परत वेग जास्त. शुक्रवारी कमी होता. लेसर तोच, वायू तोच, मीही तीच. गाइड मॅडम: "सोमवारचा एक, शुक्रवारचा एक, असे आकडे प्रबंधात चालत नाहीत. महिनाअखेरीस हे प्रकरण गाळू."
गाळू म्हणे! आणि वर माझ्याच करंडीतला पेरू मिटक्या मारत खाल्ला. असा राग आला.

१० डिसें., बुध.
सापडलं!! शेवटचा पेरू घ्यायला खिडकीतल्या करंडीत हात घातला, तर मनगटाला पंपाची नळी लागली. नमुन्यात मिसळायची हवा तिथूनच ओढतो आम्ही. नळीचं तोंड करंडीच्या अगदी वर. नळीच्या गाळणीतला वास शोषणारा कोळसा कधी बदलला, कुणाला आठवत नाही. म्हणजे ओएच पेरूचा वासही खात होता आणि आम्ही सगळं आमच्या वायूच्या नावावर मांडत होतो.
शुक्रवारपर्यंत करंडी रिकामी. म्हणून!

११ डिसें., गुरु.
मुद्दाम बाजारातून पेरू आणून करंडी नळीखाली ठेवली, वेग चढला. मग नवा कोळसा घातला, करंडी व्हरांड्यात. वेग उतरला, शुक्रवारच्या आकड्यावर येऊन बसला. परत केलं, तेच. हुश्श. डोळे भरून आले.
मॅडम: "प्रकरण राहू दे. पण करंडी खिडकीत ठेवली कुणी?"
"तुम्हीच म्हणालात मॅडम, उन्हात लवकर पिकतील."
खूप हसल्या. मीही.

१४ डिसें., रवि. डाळज.
आबांना सगळं सांगितलं. तोंड पडलं त्यांचं.
"म्हंजी आमच्या पेरूनं तुजं वाटुळं केलं व्हय?"
होत होतं, वाचलं, म्हटलं. तेव्हा कुठं घास गिळला. मग हात धुता धुता, "त्यो तुजा ओएच आमचा पेरू किती येगानं खातोय, त्ये मोजलंस का?"
नाही मोजलं. मला सुचलंही नव्हतं.
उद्याची करंडी भरून दारात ठेवलीय. नेणार तर आहेच. व्हरांड्यात ठेवू, की परत नळीखाली?