माझ्या मायच्या हाताला बोल लावू नये

मी, शालिकराम वल्द नत्थुजी मेहरे, वय सव्वीस, राहणार मौजे भातकुली, तालुका व जिल्हा अमरावती, धंदा बागाईत, मधली वर्षे भटकंती आणि शेवटी फौजेत लॉरी ड्रायव्हर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेलं नाही. डावा पाय मांडीपासून नाही, पण मृत्युपत्राला पाय लागत नाही. दुखणं आता छातीत चढलं आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी खुशालदादाला बाजूला नेऊन जे सांगितलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. म्हणून ही घाई.

शिक्षण मराठी चौथी. कायद्याची भाषा अकोल्याला कचेरीसमोर अर्जनवीसाच्या ओट्यावर बसून कानावर पडली, तेवढीच. लिहिण्यात चुकलो असेन तर शब्द धरू नये, मतलब धरावा.

कलम पहिले. वडील वारल्यावर आम्हा दोघा भावांची रीतसर वाटणी झाली आहे. माझ्या हिश्श्याला विहिरीकडची बाग, त्यातली संत्र्याची झाडं आणि मोटेची सकाळची पाळी आली. हे सर्व मी माझी आई जयवंताबाई हिला देतो, पूर्ण मालकीने. तिने वांगी लावावी, झेंडू लावावा, पडीक ठेवावं, विकून टाकावं. कोणाला विचारण्याचं कारण नाही. तिच्यामागे उरेल ते बहीण वच्छला हिला, जी हिवरखेडला दिली आहे. हिवरखेडला मी एकदा दोन दिवसांसाठी गेलो आणि केळीच्या गाडीवर बसून थेट बऱ्हाणपूर पाहून आलो. वच्छला रडून रडून अर्धी झाली होती. परत आलो तर म्हणे, "दादा, तुया पायाले भवरा बांधला का रे?" आता तोही प्रश्न मिटला.

कलम दुसरे. पत्र्याची पेटी, तोंडाने वाजवायचा बाजा आणि लॉरीचे पाने. बाजा वच्छलाच्या पोरांना. पाने अकोल्याच्या माझ्या उस्तादांना, शेख गुलाब यांना. त्यांनी मला गाडी शिकवली. पातूरच्या घाटात गाडी बंद पडली की ते निजत आणि मी लेण्यांत जाऊन बसे. थंडगार जागा. तिथे कोणी विचारत नसे, कोणाचा कोण, काहून आला. असो. मुद्द्यावर येतो.

कलम तिसरे. फौजेचे बूट. उजवा झिजला आहे, तो ज्याला पाहिजे त्याने न्यावा. डावा बूट मात्र कॅप्टन दिघे, छावणीच्या दवाखान्याचे डॉक्टर, यांना पार्सलने पाठवावा. पार्सलचा खर्च माझ्या कांबळ्याच्या विक्रीतून करावा. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल. नाहीच कळलं तर त्यांची न कळण्याची ती पहिली वेळ नव्हे.

हा बूट त्यांनाच का, हे लिहिणं भाग आहे, कारण गावात उलटी कहाणी फिरून राहिली आहे.

डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी छावणीत होतो. गुडघ्याच्या वर सूज होती, टणक, कच्च्या कवठासारखी. दिघे साहेबांना दाखवली. हात न लावता त्यांनी मालिशचं तेल लिहून दिलं आणि ड्यूटीवर पाठवलं. पुन्हा गेलो. पुन्हा तेल. मग रजा मिळाली म्हणून घरी आलो. मायनं मला खाटेवरून उठताना पाहिलं. आमच्याकडे सांधा धरला की बिबा घालतात. काळं बी, दिव्यावर तापवलं की तेल सुटतं. सुईच्या टोकाने त्या तेलाचे ठिपके द्यायचे. तिच्या आईने तिला दिले, तिने माझ्या बापाला दिले, मला दिले. रडत दिले आणि वर म्हणाली, "सोस रे बापा, सकाळी हरणावानी पयशीन." माझ्या अंगाला बिबा उतला. फोड आले, कातडी काळी पडली. तसाच मी छावणीत परतलो. त्यात एक दिवस उशीर झाला होता, हेही खरं.

दिघे साहेब आपलेच, पुण्याकडचे. साहेब गोरा असता तर बिबा म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं असतं. यांना सांगावं लागलं नाही, आणि तिथंच माझा घात झाला.

"हे काय?"

"बिबा साहेब. मायनं घातला. दुखत होतं म्हणून."

"दुखत होतं म्हणून बिबा, की दुखावं म्हणून बिबा?"

सगळा दवाखाना हसला. कंपाउंडर तर टेबल धरून हसला.

"साहेब, तुमीच तं तेल देल्लं होतं, सूज पाहून. आताबी लय दुखून राहिलं."

"दुखून राहिलं? राहू दे." मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "रजेवरून उशिरा यायचं, पाय भाजून घ्यायचा आणि लढाई संपेपर्यंत खाटेवर लोळायचं. तुम्हा लोकांची ही युक्ती जुनी आहे."

कागदावर लिहिलं, स्वतः केलेली इजा. मला कोठडी झाली, मग रेतीची पोती उचलायला लावली. जेव्हा जेव्हा दवाखान्यात गेलो तेव्हा तेव्हा कंपाउंडर दारातच ओरडे, "आला रे बिबेवाला!" लॉरी खडखड करायला लागली तर माणूस बॉनेट उघडतो. लॉरी ढोंगी आहे असं लिहून तिला चढावर पाठवत नाही. मी माणूस होतो म्हणून ही सवलत मिळाली नाही.

शेवटी क्लच दाबताना मांडीचं हाड मोडलं. ठोकर नाही, पडणं नाही. क्लच दाबला आणि काडी मोडावी तसं मोडलं. लॉरी नालीत गेली. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या मेजर साहेबांनी त्याच दिवशी हाडाचा फोटो काढला. हाडात गाठ होती, कॅन्सरच्या जातीची. त्यांनी विचारलं, आधी फोटो कोणी काढला नाही का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले की सूज दिसली तेव्हाच पाय कापला असता तर माणूस वाचण्याची आशा होती. पाय त्यांनी कापला. आशा आधीच कापली गेली होती. फौजेने नाव कमी केलं ते दिघ्यांच्याच शेऱ्यावर, म्हणून पेन्शनही नाही. पण माझा राग पेन्शनचा नाही.

माझा राग पुढच्या कलमात आहे.

कलम चौथे. माझा थोरला भाऊ खुशालराव याने फौजेचा तो शेरा कोणाकडून तरी वाचून घेतला आणि भर अंगणात मायला म्हणाला, "बुढे, तुह्या बिब्यानंच पोराचा पाय नेला." गावाने तेच उचललं. विहिरीवर बाया तिला पाहून बोलणं थांबवतात. त्या दिवसापासून मायनं मला हात लावलेला नाही. ताट दुरून सरकवते. मला ढास लागते तेव्हा दारात उभी राहते, पाठ चोळायला पुढे येत नाही. मी बोलावलं तर म्हणते, "नको रे शालिक, माह्या हातात वीख हाय." तीन पोरं न्हाऊ घालून मोठी केली त्या हातांत!

म्हणून साक्षीदारांसमोर स्पष्ट लिहितो. सूज आधीची, बिबा नंतरचा. बिब्याने कातडी जळते, हाडात गाठ होत नाही. माय म्हणते, "म्या बिबा नसता घातला तं डाक्टरनं खरं मानलं असतं." माय, त्यानं बिब्याच्या आधीही दोनदा मानलं नव्हतं. फोड वर होता, दुखणं आत होतं. वरचं पाहून जो हसला आणि आत पाहिलं नाही, दोष त्याचा. पूर्ण त्याचा. यात मी कोणाला वाटेकरी करत नाही.

खुशालदादाला मी काही देत नाही. मात्र त्याने विहिरीवर, बाया पाणी भरत असताना, मोठ्याने म्हणावं, "शालिकचा पाय मायनं नाही नेला, डाक्टरनं नेला." तसं म्हटलं तर मोटेची बैलजोडी, जी मी माझ्या पगारातून घेतली, ती त्याची. हळू आवाजात म्हटलं तर चालणार नाही. दादा मनाचा वाईट नाही. मी पळून जायचो तेव्हा मला शोधत अकोल्यापर्यंत हाच यायचा. पण त्याला छापील कागद म्हणजे देवाचा शब्द वाटतो.

कलम पाचवे. मी मेल्यावर माझ्या देहाला शेवटची आंघोळ माझी माय घालील, तिच्या हाताने, तेल-हळद लावून. तिला कोणी अडवू नये. जो अडवील, किंवा त्या वेळी बिब्याचा ब काढील, त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रद्द समजावा.

येणेप्रमाणे लिहून झालं.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदार उत्तमराव इंगोले यांनी मायला वाचून दाखवला. ती चौकटीला टेकून ऐकत होती. पाचवं कलम ऐकून पदर खोचत आत आली.

"मेल्यावर काहून?"

मी म्हटलं, "जित्तेपणी तं तू हात लावत नाही, माय."

"हे असं कागदावर लिवतेत का रे, गाढवा? साऱ्या गावाले आयकू जाईन ना!"

"जावो. त्याच्याचसाठी लिवलं."

ती खाटेशी आली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस चाचपले. "किती मळला रे," म्हणाली. तो हात तिने लवकर काढला नाही. उत्तमराव कागदाकडे पाहत बसले, पण वाचत नव्हते.

आता तिने पाण्याचा गंज चुलीवर ठेवला आहे. आतून ओरडून राहिली आहे की पाणी निवण्याच्या आत तो कागद आटप. सबब कलम पाचवे मी माझ्या हाताने खोडून रद्द करत आहे. बाकीची कलमं कायम. बुटाचं कलम तर खास कायम.

सही: शालिकराम नत्थुजी मेहरे

साक्षीदार:
उत्तमराव सदाशिव इंगोले, शेतकरी, भातकुली. सही.
रामराव गोविंदा वाकोडे, शेतकरी, भातकुली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम भातकुली, प्रांत मध्यप्रांत व वऱ्हाड.
माघ वद्य पक्ष, शके १८६७, तारीख २२ फेब्रुवारी १९४६.