आई धावली नव्हती

अल्बुकर्की, १२ नोव्हेंबर

ती. एल्फेगोदादास,
सा. न. वि. वि.

आई गेल्यावरची नऊ दिवसांची जपमाळ काल संपली. शेजारणींनी मक्याचं पोसोले इतकं आणून ठेवलंय की तू असतास तर एकट्याने दोन पातेली रिचवली असतीस. फोनवर बोललं की बाबांच्या कानावर जातं, म्हणून लिहिते.

बाबा जेवत नाहीत. आईच्या अपघाताच्या पोलीस अहवालात आहे की पादचारी बाई अचानक धावत रस्त्यात आली. त्या संध्याकाळी बाबांनीच तिला फोन केला होता, लवकर ये, रस्सा निवतोय म्हणून. तेव्हापासून एकच घोकणं चाललंय, मी घाई केली म्हणून ती धावली. दादा, चर्चच्या पायऱ्या चढतानाही आई माझा हात धरायची. त्या गुडघ्यांनी ती धावेल कशी? पण छापलेलं ते खरं, असं बाबांचं. तू सरकारी कचेरीत याच अपघातांचे आकडे मांडतोस ना? मग एवढं बघच.

तुझी धाकटी, माया ठेव,
एलॉइसा

सांता फे, २० नोव्हेंबर

चि. एलॉइसास,
अ. उ. आ.

पाहिलं. आई आता माझ्या तक्त्यातली एक ओळ झालीय.

मग त्या रस्त्यावरचे आजवरचे सगळे मृत्यू काढले. बहुतेक अंधार पडल्यावरचे, बसथांब्याजवळचे, त्यात म्हातारी माणसं फार. सहा पदरी रस्ता, सिग्नल पार लांब, गाड्या सुसाट. आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तेच, अचानक धावत आला. एक जण तर चाकाच्या खुर्चीत होता. तोही धावत आला म्हणे!

काय झालं ते सांगायला तिथे फक्त गाडीवाला उरतो, एलॉइसा. तो खोटंच बोलतो असं नाही. अंधारात, त्या वेगात, माणूस त्याला अगदी शेवटी दिसतं, म्हणून ते अचानक आल्यासारखं वाटतं.

बाबांना वाचून दाखव. फोन केला नसता तरी आईला तोच रस्ता तसाच ओलांडावा लागला असता.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.
एल्फेगो

अल्बुकर्की, १ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. खुर्चीवाल्याचं ऐकून बाबा आधी हसले, मग रडू लागले ते थांबेचनात. आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले. नंतर वाटीभर जेवले.

आज आई जिथे गेली तिथे रस्त्याकडेला तिच्या आठवणीचा पांढरा क्रूस रोवला. तिथे आधी गेलेल्यांचेही क्रूस आहेत. बाबांनी एकेकावरचं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, यांच्या घरीही कुणीतरी स्वतःला दोष देत बसलं असेल, त्यांना कोण सांगणार? एल्फेगोकडून पत्ते माग.

तुला ते देता येणार नाहीत, हे मी सांगितलं. तर आता नावं पाठ करत बसलेत. रविवारपासून एकेका चर्चमध्ये जाऊन त्यांची घरं कुठे ते विचारणार आहेत.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
एलॉइसा