हळदीकुंकवाले मी बसू का

६ जानेवारी, मंगळवार
देवळात बायकायची बैठक झाली. माह्या नातसुनेनं, वैशूनं, बलावली. तिचं आपल्या घरातलं पयलं हळदीकुंकू. म्हने, साऱ्या येतीन, विधवा बी. काय धिटाई पोरीची! मले तं एवढा आनंद झाला का सांगू नये. मालक गेल्यापासून मी त्या दिवशी मागच्या खोलीत बसते.
पन चुकलं पोरीचं. "हो म्हननाऱ्या खांबाच्या इकडं बसा, नाही म्हननाऱ्या तिकडं." बसल्या. झालं! मंग कोनी कोनाचं आयकेच ना. कौसा, माही धाकटी जाऊ, तिकडं. मले वैशूनं हाताले धरून इकडं बसवलं. इचारलं नाही.

८ जानेवारी
कौसा ताक न्याले येऊन नाही राह्यली. नळावर तिकडच्या म्हनतात, "शिकेल सून आनली, आता देवाले बी शिकवन." इकडच्या काय कमी हायेत? एकदा बाजू धरून बसलं का मानसाचं बूड जड होते.
खरं सांगू, मले बी भेव वाटते. कुंकू लावलं आन कोनाच्या घरी काही झालं तं... इकडं बसून हे बोलता येत नाही. पोरीचं तोंड उतरन.

९ जानेवारी
वावरातून तुरीच्या शेंगा आल्या. हा मोठा ढीग. वैशूले म्हनली, "दोन्हीकडच्याईले बलाव शेंगा फोडून सोले काढाले." रातच्याले सोले-वांगे म्हनल्यावर कोन नाही म्हनते! ढिगाभवती जागा भेटन तिथं बसल्या. ह.कुं.चा इषय निंघालाच. पन हातात शेंग असली का बाई दमानं बोलते.
वैशू कौसाले म्हने, "लहान्या आजी, तुमचं नाही काऊन?"
"माहं नाही कुठं व्हतं वो? मी म्हनत व्हती, पयले आमच्या बाईले तं इचारा. तू मधात खांब घातला."
साऱ्या माह्याकडं पाहू लागल्या. सांगून टाकलं भेवाचं. वैशूचे हात थांबले. तिकडची एक म्हने, "अवो बाई, भेव तं आमचं व्हतं. तुमाले बी हाये?"
मंग हासल्या. वैशू बी. मंगच खरं बोलनं झालं. कोन का बोलली, अर्धं ध्यानात नाही. कोनाची बाजू कोनती हे बी नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
ह.कुं. रविवारी. बसाच्या साऱ्या, तिळगूळ साऱ्याईले, एवढं ठरलं. कुंकवाचं जिचं तिनं सांगावं.
कौसा ताक न्याले आली. काल म्हने, "राहू द्या बाई, उगा जिवाले घोर." आज म्हने, "लावून घ्या, मी हाये ना!" मी म्हनली, "एका दिवसात फिरली का वं?" म्हने, "मंग? फिरू नये का?"
संध्याकाळी वैशूनं इचारलं, "आजी, तुमचं ठरलं?"
"नाही वं."
रागावली नाही. "बरं. रविवारी परत इचारते."
ठेवनीतलं लुगडं उन्हात टाकलं व्हतं. घडी करून पेटीत वरच ठेवलं.