पाडसाच्या गालावरची लाली

४ मार्च, सोमवार

पोचले. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. स्टुडिओच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी पूर्वेला, टेबल भक्कम. जिना उतरलं की काम, चढलं की झोप. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे वाटेतसुद्धा कुणाशी बोलायला नको, तुझी तर चंगळच आहे.

काम म्हणजे लहान मुलांसाठी सुट्टीतला खास ॲनिमेशनपट, बावीस मिनिटांचा. जंगलातल्या शाळेतली पिल्लं, आणि त्यांना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आवडू लागतं. बदकाच्या पिल्लाला मांजरीचं पिल्लू आवडतं, पण मांजरीला पाण्याचा तिटकारा. पाडसाला साळिंदराचं पोर आवडतं, पण जवळ गेलं की टोचतं. मी रिगर. चित्रातल्या प्राण्याच्या आत हाडं बसवायची आणि चेहऱ्यावर न दिसणाऱ्या खुंट्या लावायच्या. त्या ओढून ॲनिमेटर त्याला हसवतो, रडवतो. माझ्या वाट्याला पाडस आलंय.

दिग्दर्शिकेला सगळे मावशी म्हणतात. तिनं मला पाहताक्षणी बाळ म्हटलं. मी सत्तावीस वर्षांची आहे. राग आला नाही, याची नोंद करून ठेवते.

६ मार्च, बुधवार

आज आरशाची खोली पाहिली. सहा बाय आठ, एक खुर्ची, समोर आरसा, आरशाच्या वर कॅमेरा, बाजूला छोटा पडदा, दाराला काच. सगळीकडेच ॲनिमेटर आधी स्वतः अभिनय करून पाहतात, ते चित्रित करतात आणि त्यावरून पात्र हलवतात. इथे फक्त दोन नियम जास्त आहेत. खोटा अभिनय करायचा नाही, आपल्याला पहिल्यांदा आवडलेलं माणूस खरोखर आठवायचं. आणि आपला टेक, म्हणजे आपलं ते चित्रण, आपण कधीच बघायचा नाही. मावशीचं म्हणणं, एकदा स्वतःला बघितलं की माणूस नाटकी होतो. पटण्यासारखं आहे.

बाकीचे एकेकदाच बसतात. मला मोजमाप हवं म्हणून मी चेहऱ्यावर चाळीस ठिपके लावून पाडसाचा चेहरा माझ्याच चेहऱ्याशी जुळवायला घेतलाय. हाताशी असलेला चेहरा वापरणं सोयीचं.

आठवायला मला लांब जावं लागलं नाही. नववीत विजेची घंटा करायचा प्रयोग होता. माझ्या समोरच्या टेबलावर वर्गातला चष्मेवाला मुलगा, माझा चश्मिश. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं सोल्डरिंगचं गरम टोक स्वतःच्या अंगठ्याला लावून घेतलं. ओरडलासुद्धा नाही, सगळे हसतील म्हणून. फक्त चष्म्यामागचे डोळे मोठे झाले. माझे गाल इतके तापले की मी तोंड धुवायला बाहेर गेले. यंदा आमचं लग्न ठरलंय. त्या अंगठ्यावर अजून मसुराएवढा डाग आहे. मी हे कुणाला सांगत नाही. पाडसाला सांगितलं, तांत्रिक कारणासाठी.

११ मार्च, सोमवार

नव्वद टेक झाले. डावा गाल उजव्याच्या आधी तापतो, फरक तीन फ्रेमचा. पाडसातही तेवढाच ठेवला. मावशीनं पडद्यापुढे हात जोडले. म्हणाली, बाळ, नऊ वर्षांत असं लाजलेलं जनावर पाहिलं नाही.

शेजारच्या टेबलावर बदकाचं काम करणारे गृहस्थ आहेत, बदकदादा. शांत, सभ्य. दिवसभर त्या पिल्लाकडे बघून हसतात. इतर कशाकडे बघून हसलेले दिसले नाहीत.

१५ मार्च, शुक्रवार

दुपारी फाटकाशी एक बाई डबा घेऊन आल्या. बदकदादा बाहेर गेले, डबा घेतला आणि म्हणाले, राहू द्या ताई, उगाच त्रास घेता. मला वाटलं डबे पोचवणाऱ्या असतील. त्या बाईंनीच हसून सांगितलं की त्या बदकदादांच्या बायको. काम चालू असलं की यांचं हे असंच, मला ताई म्हणतात, कधी मॅडम म्हणतात, एकदा तर विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? हसताना त्यांनी पदराचं टोक बोटाला इतकं करकचून गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

चश्मिशचा फोन आला. चार मिनिटं बोललो. सांगण्यासारखं काही सुचलं नाही. थकवा असावा.

१८ मार्च, सोमवार

टेक १६०.

ताईचा फोन. मला चिडवत होती, की नवरदेवाला लग्नात बोहल्यावर हातमोजे घालायला लाव, तुझ्याकडे बघताना पुन्हा भाजून घेईल. मी विचारलं, कशानं भाजून घेईल? ती म्हणाली, पुरे आता. मी खरंच विचारत होते.

फोन ठेवून ही वही चाळली. सहा तारखेचं पान माझ्या अक्षरात आहे. प्रयोग, अंगठा, डाग, सगळं लिहिलंय. वाचून समजलं. आठवलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

अंदाजावर भरवसा नाही. चाचणी घेतली. दुसरी एक आठवण निवडली. त्यानं मला पहिलं पत्र आलेखाच्या कागदावर लिहिलं होतं. तीन ओळी, दुसरीत एक शब्द खोडलेला, तो मी उजेडात धरून वाचला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. हे इथे आधी लिहिलं. मग खुर्चीत बसून एकच टेक दिला, तेच आठवत.

२० मार्च, बुधवार

कालची नोंद वाचली. कागद, ओळी, खोडलेला शब्द. माहिती आहे. बाकी काही नाही. शब्द कोणता होता ते मी लिहिलं नव्हतं. आता ते कुणालाच

त्याला विचारता येईल. पण तो सांगेल आणि मी ऐकून घेईन. तेवढंच.

२१ मार्च, गुरुवार

मावशीला स्पष्ट विचारलं, खुर्चीत बसून आठवलेलं आपल्यातून निघून जातं का. तिनं नाकारलं नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, हजारो पोरं बघणार आहेत, बाळ, तुझं एकटीचं ठेवून काय करणार होतीस? आणि इतरांचं थोडं थोडं जातं. दोनशे वेळा बसायला तुला कुणी सांगितलं होतं?

कुणीच नाही. मीच अचूक काम करत होते.

बॅग भरली. फाटक उघडंच होतं. वॉचमननं वहीत वेळ लिहिली, दहा चाळीस. थांब्यापर्यंत चालत गेले. बस आली. पायरीवर पाय ठेवला आणि कुठे जायचंय ते माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. ताईचं घर, त्याचं घर, दोन पत्ते. छातीत एकच ओढ होती, उलट्या दिशेची. पडद्यावर पाडस मान वळवतं, तिथे.

परत आले. कुणी आणलं नाही.

बदकदादांनी मान वर न करता विचारलं, थांब्यापर्यंत ना? मी फाटकापर्यंतच जायचो.

२२ मार्च, शुक्रवार

खुर्चीत बसणं बंद केलं. दोन वाजेपर्यंत. मग स्वतःच गेले. बारा टेक. एकूण २१२.

पाडस बघितल्याशिवाय जेवण जात नाही.

त्याचा निरोप — रविवारी चार वाजता येतोय. तुझा आवाज बरा वाटत नाही म्हणे. त्याचा फोटो बॅगेतून बाहेर काढून बघितला. चष्मा, सरळ नाक, उंच. छान माणूस आहे. लग्नपत्रिकेत याच्याशेजारी माझं नाव आहे.

घाबरायला हवं. घाबरतेय. हे अजून माझं आहे.

२३ मार्च, शनिवार

एक उपाय उरलाय. टेक बघायचे. नियम नाटकीपणा टाळण्यासाठी नसणारच. जे गेलंय ते त्या चित्रांत आहे, बघितलं तर परत येत असणार, म्हणून मनाई. बदकदादांना विचारलं. म्हणाले, मी कधी पाहिला नाही. भीती वाटली, ती बाई खरंच माझी निघाली तर?

उद्या सुट्टी. इमारतीत कोणी नसेल. चारच्या आत.

२४ मार्च, रविवार

साडेतीन. आरशाच्या खोलीत. वही मांडीवर. कॅमेरा बंद आहे, दोनदा तपासला. पडद्यावर पहिल्यापासून लावलं.

काही नाही.

काही नाही.

चाळिसावा — डावा गाल गरम झाला. मग उजवा. तीन फ्रेमनंतर.

येतंय. प्रयोगशाळेतला तार जळल्याचा वास. त्याची वर दुमडलेली बाही. टेबलाखाली त्यानं अंगठा मुठीत लपवला होता — हे सहा तारखेच्या पानात नाही, हे मी लिहिलंच नव्हतं, हे माझं आहे, परत आलंय. आणि खोडलेला शब्द! ‘कदाचित’. कदाचित तू मला आवडतेस, असं लिहून त्यानं कदाचित खोडलं होतं. वेडा. वेडा माझा. मी रडतेय आणि हसतेय. चार वाजत आलेत. आता खाली जाईन आणि त्याला

२१२ संपला. पडदा थांबला नाही.

पाडस अजून लाजतंय. रडतंय. त्याच्या डोळ्यांना पाण्याची खुंटी मी बसवलेली नाही.

आकडा २१३ — चालू —

दार. कडी बाहेरून. कॅमेऱ्याचा स्विच बाहेर आहे, कोणीतरी — काचेपलीकडे मावशी. म्हणतेय, हलू नकोस, बाळ, अगदी अस्संच, इतके दिवस यासाठीच थांबले.

आठवायचं नाही. दुसरं काहीतरी. पाढे. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस — सतरा त्रिक —

खाली तो आलाय. हाक मारतोय. प्रत्येक हाकेसरशी सगळं वर येतंय, बाही, अंगठा, कागद, आणि पाडस प्रत्येक वेळी जास्त लाल — हाक मारू नको रे — कोणीतरी त्याला गप्प करा, त्यानं पुन्हा माझं नाव