टॅफ रॉकेट्समधले एकतीस जण

कार्डिफ, रविवार, ११ ऑक्टोबर १९९२

प्रिय नंदू,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझं धैर्य जातं. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

काल मी आणि सुमन बॅरीच्या थिएटरात 'टॅफ रॉकेट्स' बँड बघायला गेलो होतो. आपलेच. म्हणजे नाव आपलं. स्टेजवर पाच जण, त्यात आपल्यातला एक नाही, आपल्यानंतरच्यातलाही नाही. नाव कुणा एजंटाने विकत घेतलंय आणि वॉर्डवर बदलीवरचे लोकम डॉक्टर भरावेत तशी तो त्यात माणसं भरतो. गाणारा असेल अठ्ठावीसचा. माइक धरून निर्लज्जपणे सांगतो, एकसष्ट साली आम्ही कार्डिफमध्ये सुरुवात केली तेव्हा. अरे मेल्या, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. बेसवाल्याने कपाळावर तेव्हाच्यासारखा केसांचा फुगा हवा म्हणून चक्क विग घातलेला, घामाने तो भुवईपर्यंत घसरत होता. आणि आपल्या वयाची माणसं, गुडघे धरून उठणारी, टाळ्या पिटत होती. मला शिसारी आली. सुमन म्हणाली, लोक मजेत आहेत, तुमचं काय जातंय? तिला काय सांगणार.

ड्रमर तर विचारूच नकोस. पुढे पळतोय, मागे राहतोय, कुणाला पत्ता नाही. मला हॉस्पिटलच्या लाँड्रीमागची आपली तालमीची खोली आठवली. टेरी दिवसभर पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचा आणि संध्याकाळी गिटार घेऊन आपला लीडर व्हायचा. आपण दोघे हाउसमन, नवशिके डॉक्टर, पंचविशीचे, तू पुण्याला एनसीसीच्या बँडमध्ये ड्रम शिकलेला, मी कशातच काही न शिकलेला, तरी बेस गळ्यात अडकवून उभा. माझा ठोका चुकला की तू वाजवणं थांबवायचास. सगळ्यांसमोर काठी माझ्याकडे रोखून पुन्हा पहिल्यापासून म्हणायचास. दर वेळी. नर्सेस ऐकायला बसलेल्या असायच्या तेव्हासुद्धा. तुझ्या मनात काही नसायचं हे मला आज कळतं. तेव्हा घरी जाताना मी तुझ्याशी हसून बोलायचो आणि आतून जळायचो.

मध्यंतरात मी चहा आणायला लॉबीत गेलो. तिथे भिंतीवर फ्रेममध्ये मोठा तक्ता. कुणा हौशी माणसाने बँडमध्ये कोण कधी आलं, कोण कधी गेलं, का गेलं, सगळं बारीक अक्षरात लिहिलंय. एकतीस नावं. कोणी दारूमुळे गेला, कोणी बायकोमुळे, एक तर म्हणे व्हॅन घेऊनच पसार. माझं नाव सापडलं. मार्च त्रेसष्ट, काढून टाकला, ताल सांभाळत नसे. वाचून हसू आलं. मग वरच्या ओळीत तुझं नाव. जून बासष्ट, धर्माच्या कारणाने स्वतःहून बाहेर. वडील वारल्यावर वर्षभर वाद्याला हात लावत नाहीत. खाली लिहिलंय, माहिती टेरीकडून. चहा तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन गाडीत बसलो.

तुला माहीत असलेली हकीकत वेगळी आहे. तुझे अण्णा गेले, तू पुण्याला गेलास, दिवसकार्य करून तीन आठवड्यांनी परत आलास. डोक्याचा चकोट, मिशी साफ. मी तुला स्टेशनवर घ्यायला आलो होतो. तिथेच तुला सांगितलं की टेरी म्हणतो असला टकल्या ड्रमर स्टेजवर चालणार नाही, त्याने डॉकवरचा एक पोरगा घेतलाय. तू काठ्या मुलांच्या वॉर्डात खेळायला देऊन टाकल्यास आणि परत कधी ड्रमला शिवला नाहीस. हॅरोला बदलून गेलास. सत्त्याऐंशी साली टेरी गेल्याचं मी कळवलं, तेव्हा असल्या माणसासाठी मी ट्रेनचं तिकीट काढणार नाही म्हणालास. मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

शिल्पाने मला बजावलंय, बाबांना सांगू नका काका, सरप्राइज आहे. पण सांगतो. तुझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला, चोवीस तारखेला, तुझी लेक तुला याच लोकांच्या शोला नेणार आहे, हॅरोला. तिने हौसेने तिकिटं काढलीत. तो तक्ता त्यांच्याबरोबर गावोगाव फिरतो. तू लॉबीत उभा राहून तो वाचशील, आणि टेरी खोटं बोलला असं लेकीला सांगशील. ते मला सहन होणार नाही. टेरी खोटं बोलला नाही. आमच्यात वर्षभर वाजवत नाहीत, हे मी त्याला सांगितलं होतं. तू परत येण्याच्या आदल्या दिवशी. त्याने विश्वास ठेवला, कारण धर्माचं मी त्याला खोटं कशाला सांगेन. नंतर तुला भेटून सांत्वन करायचं म्हणत होता, तेही मीच थांबवलं. कालच्या त्या विगवाल्याची मला किळस आली खरी, पण गाडीत बसल्यावर जी आली ती माझीच. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही. तो तक्ता वाचायच्या आधी हे तुला माझ्याकडून कळावं, एवढंच. आणि एक राहिलं. तू पुण्यात असताना, चकोट करून येशील असं मी टेरीला सांगितलं होतं तेव्हा तो बाजारात जाऊन पाच सारख्या टोप्या घेऊन आला होता. म्हणाला, सगळेच घालू, म्हणजे नंदूला एकट्याला वाटायला नको. तुझी माझ्याकडे आहे.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझा,
शशी