सतराची ट्यूब, अठराची ट्यूब

आबान ९, शनिवार
मोटरसायकलच्या मागच्या चाकात हवा कमी. शुक्रवारी पाचला यझ्दहून तफ्तला जायचंय, मुलगी बघायला. मुलगी म्हणजे आफाकखानम, वय अडतीस, शाळेत गणित शिकवतात. मी त्रेचाळीस. आईने बजावलंय, यानंतर ती माझ्यासाठी कुणाची पायरी चढणार नाही. ठीक. नवी ट्यूब स्वतः बसवायची आणि रुबाबात जायचं. दुकानदाराने विचारलं, सतराची की अठराची? अठराची म्हणालो. पुढच्या टायरवर अठरा लिहिलंय, मागचं काय वेगळं असणार? वीस वर्षं कारखान्यात टाइल्सची मापं तपासतोय मी.

आबान १०, रविवार
गल्लीतले पंक्चरवाले उस्ताद कुर्बान म्हणाले, आणा इकडे, दहा मिनिटांचं काम. मी म्हणालो, छे छे, तुम्हाला कशाला त्रास. पुन्हा म्हणाले. पुन्हा छे छे. रीत म्हणजे रीत, दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. तेवढ्यात त्यांचं गिऱ्हाईक आलं. हल्ली लोकांना आग्रह करता येत नाही.

आबान ११, सोमवार
चाक निघालं (दीड तास). टायर उचकटायला आईचे दोन पळे घेतले. मागचा टायर सतराचा निघाला. हा बनवणाऱ्यांचा घोळ. अठराची ट्यूब आत दुमडून बसवली. जास्त रबर, जास्त मजबुती.

संध्याकाळी ६
घडीवरच फाटली. पळे वाकले ते वेगळंच. आईने ते उचलून माझ्या उशाशी ठेवले. हे वाईट लक्षण.

आबान १३, बुधवार
सतराची आणली. आईची पावडर चोळून आत सरकवली, जाणकार असंच करतात. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. झकास. उस्तादांच्या दुकानासमोर मुद्दाम हळू चालवली.

आबान १४, गुरुवार
सकाळी चाक बसलेलं. जुना खिळा टायरमध्येच राहिला होता. तो बघायचा असतो हे कुणी तरी सांगायला नको? खिळा काढला, ट्यूबला ठिगळ मारलं. एकदा फुटून सावरलेली ट्यूब आहे ही, आता काय होतंय तिला.

दुपारी बतूलताई आणि हबीबदाजी आले. उद्या आईला ते गाडीतून नेणार. दाजी म्हणाले, मागे जागा आहे, तूही चल. नको म्हणालो, तुमची अडचण होईल. पुन्हा म्हणाले, पुन्हा नको. दाजी म्हणाले, बरं. बरं काय? इतक्यात बरं म्हणतात का? असो. फुलं आणि बकलावा मिठाईचा डबा माझ्याकडे.

आबान १५, शुक्रवार, ४:३५
रस्त्याच्या कडेला. ठिगळ सुटलं. तफ्त अजून नऊ किलोमीटर. पंप घरी. अर्थात अजून पंचवीस मिनिटं हातात आहेत.

४:५०
डाळिंबांची पिकअप थांबली. तफ्तलाच चाललेली. ड्रायव्हर म्हणाला, मोटरसायकल टाका मागे आणि बसा. मी म्हणालो, कशाला, तुमची डाळिंबं चेपतील. पुन्हा म्हणाला. नको म्हणालो. दोनदा विचारून गेला निघून. माणुसकी म्हणून राहिली नाही.

५:४०
आईचे चार फोन. उचलून सांगू काय?

आबान १६, शनिवार
काल शेवटी फोन केल्यावर उस्ताद कुर्बान टेम्पो घेऊन आले. त्यांनी काही विचारलंच नाही. आधी गाडी चढवली, मग मला, आणि घरी आणून सोडलं.

आज सकाळी आई बोलली. आफाकखानमनी स्वतः चहा आणला. गार झाला म्हणून पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझा पेला समोर ठेवून त्या बसून राहिल्या. निघताना त्यांनी आईला विचारलं, "त्यांना यायचंच नव्हतं का?"

मी आईला सगळं नीट समजावलं. सतरा, अठरा, खिळा, ठिगळ. आई म्हणाली, "हबीबच्या गाडीत जागा होती ना रे?" मी म्हणालो, दाजींनी धड आग्रह कुठे केला? मग तिने विचारलं, रस्त्यात कुणीच थांबलं नाही का? म्हणालो, एक पिकअपवाला थांबला, पण दोनदाच विचारून गेला. आईने समोरचा पेला उचलला. मग म्हणाली, तफ्तहून निरोप आलाय, त्यांना पुढे जायचं नाही. आणि आत गेली.

वर लिहिलंय की पिकअपवाल्याने दोनदाच विचारलं. ते खरं नाही. तिसऱ्यांदा तो खाली उतरला होता, दार उघडून धरलं होतं त्याने. म्हणाला, "बसा हो साहेब, वेळेत पोचवतो." मीच नको म्हणालो. वेळेत पोचायचीच फार भीती वाटली.